पाण्याच्या भरवशावरचे कोट

किल्ला म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी चढ येतो. कातळातल्या पायऱ्या, दम खात गाठलेला बालेकिल्ला, वरून दिसणाऱ्या डोंगररांगा. सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतले किल्ले या सवयीत बसत नाहीत. इथे गाडीतून उतरलं की समोर दरवाजाच. तूर-ज्वारीची शेतं, काळी जमीन, आणि त्यात उभा काळ्या दगडांचा तट. कडा नाही, दरी नाही. मग शत्रूला अडवायचं कशाने? बहामनी सुलतानांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या आदिलशाही-निजामशाहीने याचं उत्तर पाण्यात शोधलं. खंदक, तलाव, नदीवरचा बांध. हा मुलूख पर्जन्यछायेतला, दुष्काळाच्या याद्यांत पुन्हा पुन्हा नाव येणारा. जिथे पाण्याची सदा वानवा, तिथेच पाण्याच्या भरवशावर कोट उभे राहिले, ही या वाटेवरची सगळ्यात मोठी नवलाई आहे.

सोलापूर हा मध्य धरला तर शनिवार-रविवारच्या दोन फेऱ्यांत हे कोट आणि त्यांच्या भोवतीची गावं नीट पाहता येतात. सुरुवात अर्थातच शहरातल्या किल्ल्यापासून.

सोलापूरचा भुईकोट भर वस्तीत आहे. चौदाव्या शतकातल्या बहामनी काळातली ही बांधणी. एकाआड एक दोन तट, तीन बाजूंना खंदक. चौथ्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला खंदक खणायची गरजच पडली नाही, कारण तिथे सिद्धेश्वर तलाव आधीपासून होता. हा तलाव बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी लोकांच्या श्रमदानातून खोदवला अशी परंपरा आहे. बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या काळातले हे संत. त्यांची कन्नड वचनं आजही म्हटली जातात. योग्याने गावाच्या तहानेसाठी केलेलं काम पुढे सुलतानाच्या कोटाची चौथी बाजू होऊन बसलं. तटावर उभं राहिलं की एका हाताला किल्ला आणि दुसऱ्या हाताला तलावाच्या मधोमध सिद्धेश्वराचं मंदिर दिसतं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत उंचच उंच काठ्यांचे सात नंदीध्वज खांद्यावर तोलत मिरवतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तेव्हा सगळं शहर या तलावाच्या काठाशी लोटतं.

किल्ल्याच्या आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, कोरीव खांब आहेत, तटात बसवलेले नक्षीचे दगडही नजरेला पडतात. पण या कोटाची खरी गोष्ट लग्नांची आहे. १५२० च्या दशकात अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह आणि विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाची बहीण मरियम यांचं लग्न याच सोलापुरात ठरलं. हुंडा म्हणून सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचे परगणे द्यायचं ठरलं होतं. लग्न झालं, किल्ला मात्र मिळाला नाही. या एका न दिलेल्या हुंड्यावरून दोन्ही घराणी पुढची चाळीस वर्षं लढत राहिली. शेवटी १५६४ मध्ये पुन्हा लग्नानेच तोड निघाली. या वेळी अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाने आपली मुलगी अली आदिलशाहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्लाही दिला. ही मुलगी म्हणजे चांदबिबी. या सोयरिकीतून जी एकी झाली, तिच्याच जोरावर जानेवारी १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला. दख्खनचा नकाशा बदलणाऱ्या लढाईची तयारी सोलापूरच्या हुंड्यापासून सुरू झाली होती, हे या खंदकाशी उभं राहिल्यावर चांगलं उमगतं.

मे १८१८ मध्ये टॉमस मन्रोच्या फौजेने पेशव्यांकडून हा किल्ला घेतला. त्यानंतर तटाबाहेरचं शहर वाढलं ते सुताच्या धाग्यावर. १८७७ मध्ये इथली पहिली कापड गिरणी उभी राहिली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागांचं काम आपलंसं केलं. म्हणून आजही सोलापूरच्या एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू कानावर पडतात. जाड सुती, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी सोलापुरी चादर हे याच हातांचं काम. तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. गिरण्यांतला कामगार राजकारणातही पुढे होता. मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी इंग्रजी अंमल इतका खिळखिळा केला की सरकारला इथे मार्शल लॉ पुकारावा लागला. त्याची किंमत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर जाऊन दिली. चार हुतात्म्यांचे पुतळे शहराच्या चौकात उभे आहेत. पाहुण्याने ते पाहूनच पुढे निघावं, आणि जमल्यास बरोबर उखळात कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी अन् कडक भाकरी घ्यावी. कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. दुष्काळी मुलखात माणसं अन्न कसं राखून ठेवतात हे तिच्यातून कळतं.

सोलापूरहून हैदराबादच्या महामार्गाला लागलं की सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्ग येतो. मधे एक सीमा ओलांडली जाते, जिची आता कुठेही खूण नाही. १९४८ पर्यंत सोलापूर ब्रिटिश आणि नंतर स्वतंत्र भारतात होतं आणि नळदुर्ग निजामाच्या राज्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवरची पोलीस कारवाई सुरू झाली, तेव्हा भारतीय सैन्य याच रस्त्याने शिरलं आणि पहिली चकमक झाली ती नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागणं सर्वांत महत्त्वाचं होतं. सातव्या ब्रिगेडने तो अचानक चाल करून ताब्यात घेतला, पाठोपाठ दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यांवर हल्ला चढवला, आणि सकाळी नवाच्या सुमारास रणगाड्यांची तुकडी पुढच्या जळकोट गावात पोचलीसुद्धा. आदिलशाहाने जी नदी अडवून शत्रूला थोपवायचं ठरवलं होतं, त्याच नदीच्या पुलावर साडेतीनशे वर्षांनी हैदराबाद मुक्तीची पहिली लढाई झाली.

नळदुर्ग बाहेरून पाहिला तर त्याच्या पसाऱ्याची कल्पना येत नाही. आत गेल्यावर मात्र चालून पाय दुखतात. तटाला शंभराहून जास्त बुरूज आहेत. त्यांतला नवबुरूज मुद्दाम थांबून पाहावा. एका मोठ्या बुरजाला नऊ अर्धगोल पाकळ्या काढल्या आहेत. साध्या गोल बुरजाच्या पायथ्याशी शत्रूला दबा धरायला जागा मिळते. पाकळ्यांमुळे प्रत्येक कोनातून मारा करता येतो आणि वरून आदळणारा गोळाही तिरका लागून घसरतो. दगडाचे चिरे इतके नेटके बसवलेत की पाकळी जिथे पाकळीला भिडते त्या सांध्यात बोटाचं नखही शिरत नाही. किल्ल्याच्या मध्यभागी उपळ्या बुरूज आहे. हा तटातला बुरूज नव्हे, सुटा उभारलेला टेहळणीचा मनोरा. पायऱ्यांनी वर गेलं की लांबलचक तोफा दिसतात आणि सगळा किल्ला नजरेच्या टप्प्यात येतो. नदी वळसा घेऊन तीन बाजूंनी कशी फिरलीय, हे इथूनच कळतं.

मग पावलं आपोआप बांधाकडे वळतात.

बोरी नदी बालाघाटात उगम पावते आणि पुढे भीमेला मिळते. नळदुर्गाच्या तटाखालून ती वाहत होती, आणि पलीकडच्या काठावर जमीन उंच होती. त्या उंचवट्यावर शत्रूने तोफा चढवल्या तर किल्ला धोक्यात. म्हणून तो उंचवटाही तटाने बांधून घेतला. त्याला रणमंडळ म्हणतात. दोन्ही कोटांना जोडायला नदीवर दगडी बांध घातला. एकाच बांधाने तीन कामं साधली. किल्ल्याला वर्षभर पुरेल असं पाणी साठलं, तटाखालची नदी रुंद आणि खोल होऊन खंदकाचं काम करू लागली, आणि फौजेला रणमंडळात जायला रस्ता मिळाला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, हे काम झालं.

बांध घालणारा एवढ्यावर थांबला असता तरी चांगला स्थापत्यविशारद ठरला असता. पण त्याने बांधाच्या पोटातच महाल घडवला, तोच पाणी महाल. बांधाच्या माथ्यावरून एक अरुंद जिना खाली उतरतो आणि चालणारा थेट भिंतीच्या आत शिरतो. छोटी दालनं, कमानींचे झरोके, भिंतीत कोरलेला फारसी शिलालेख. झरोक्यातून बाहेर पाहिलं तर खाली नदीचं पात्र. पावसाळ्यात बोरीला पूर आला की बांधावर ठेवलेल्या दोन सांडव्यांतून पाणी झेप घेतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. हे दोन्ही धबधबे पाणी महालाच्या माथ्यावरून पुढे पडतात. झरोक्यात उभ्या माणसाच्या समोर पाण्याचा पडदा असतो, गर्जनेने बोलणं ऐकू येत नाही, आणि आत मात्र थेंब येत नाही. दगडाच्या जाडीचा, पाण्याच्या वेगाचा आणि सांडव्याच्या उतारावरून प्रवाह किती पुढे झेपावेल याचा हिशेब चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी मांडला, आणि तो आजही चुकलेला नाही.

नळदुर्गच्या वरच्या अंगाला बोरीवर आता आधुनिक धरण आहे. ते भरून वाहिलं की नर-मादी जागे होतात. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान. पाऊस कमी झाला तर वर्षभर सांडवे कोरडेच. पाणी नसतानाही पाणी महाल पाहण्यासारखा आहे, उलट तेव्हा त्याची रचना नीट समजते.

नळदुर्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जिल्ह्याचं ठाणं होतं. १८५३ मध्ये निजामाने काही मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा या भागाचा कारभार फिलिप मेडोज टेलरकडे आला. ठगांवरच्या कादंबरीमुळे तो विलायतेत आधीच नावाजलेला होता. नळदुर्गात राहून त्याने जमिनीची मोजणी केली, रस्ते आखले, आणि पुढे १८६३ मध्ये याच मुलखात घडणारी ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तुळजापूर, नळदुर्ग आणि अफजलखानाची स्वारी तिच्यात येतात.

गावाजवळच्या मैलारपूरला खंडोबाचं ठाणं आहे, आणि त्याची रीत पाहुण्याला चकित करते. नळदुर्ग आणि शेजारचं अणदूर या दोन गावांत देवाची मंदिरं दोन, पण मूर्ती एकच. वर्षातला बहुतेक काळ खंडोबा अणदूरला राहतो आणि सुमारे दोन महिने मैलारपूरला येतो. मूर्ती नेताना दोन्ही गावांत लेखी करार होतो, कधी न्यायची आणि कधी परत आणायची याचा. पौष पौर्णिमेची मोठी जत्रा देव मैलारपुरात असताना भरते. देवाच्या येण्याजाण्याला कागदावर सही लागते, आणि दोन्ही गावं हा शब्द पिढ्यान् पिढ्या पाळत आली आहेत.

नळदुर्गहून तुळजापूरचा रस्ता हळूहळू बालाघाटाच्या कडेला चढतो. भवानीचं मंदिर उतारावर आहे. महाद्वारातून पायऱ्या खाली उतरत जातात, वाटेत गोमुख आणि कल्लोळ तीर्थ. इथलं अर्थकारण देवीभोवती फिरतं. कवड्यांच्या माळा, परड्या, हळदीकुंकवाचे ढीग, जोगवा मागणारे आराधी. भोसल्यांची ही कुलदेवता, आणि १६५९ मध्ये अफजलखानाने वाईकडे जाताना इथे उपद्रव दिला ही आठवण गावात ताजी आहे. दसऱ्याला देवीची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, आणि पलंगही नगरच्या बाजूनेच पायी प्रवास करत येतो. सीमोल्लंघनानंतर देवी त्या पलंगावर निद्रा घेते. ज्या नगर आणि विजापूरच्या सुलतानांनी या मुलखासाठी रक्त सांडलं, त्या दोन राज्यांच्या मधल्या वाटेवरून देवीची पालखी अजून चालते आहे.

दुसऱ्या दिवशीची फेरी उत्तरेला. वाटेवर तेर लागतं, आणि इथे किल्ला नसला तरी थांबावंच. तेरणा नदीकाठचं हे गाव इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी माहितीपुस्तकात तगर या नावाने येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं शहर, जिथून मालाच्या गाड्या भडोच बंदराकडे जात. गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आहेत. इथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईच्या मूर्तीची बहीण शोभते. त्रिविक्रमाचं मंदिर मुळात विटांचं चैत्यगृह, मागून गोल झालेलं. या जुन्या विटांच्या मातीत तूस मिसळलेलं असे. भाजल्यावर ते जळून वीट सच्छिद्र होई, आणि इतकी हलकी की पाण्यावर तरंगे. संत गोरा कुंभाराचं गाव हेच. माती आणि भट्टी यांचं ज्ञान इथे गोरोबांच्याही हजार वर्षं आधीपासून मुरलेलं होतं.

पुढे बार्शी. डाळींची बाजारपेठ, भगवंताचं मंदिर, आणि एके काळी देशभर गाजलेली बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू केली. अरुंद रुळांवरही जास्त वजन ओढता येतं, हे त्याने इथे सिद्ध करून दाखवलं, आणि त्याचा धडा इतर देशांतल्या छोट्या रेल्वेंनी गिरवला. हीच गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यातूनच चंद्रभागेला गेल्या. आता तिथे मोठे रूळ आहेत.

बार्शीहून तीसेक किलोमीटरवर परांडा. गाव लहान, किल्ला मोठा. बहामनी वजीर महमूद गवान याच्याकडे या किल्ल्याच्या बांधणीचं श्रेय दिलं जातं. भोवती रुंद खंदक, बाहेरचा बुटका तट आणि आत त्याच्यावर नजर ठेवणारा उंच तट. बाहेरचा तट पडला तरी आतल्या फांजीवरून मारा चालूच राहावा अशी ही योजना. दरवाजे सरळ रेषेत नाहीत. एकातून शिरलं की काटकोनात वळावं लागतं, म्हणजे हत्तीला धावत येऊन दारावर धडक द्यायला जागाच उरत नाही. आत देवळाचे खांब वापरलेली मशीद, हमामखाना आणि पायऱ्यांची विहीर आहे. बुरजांवर पंचधातूच्या तोफा अजून आहेत. तोंडाकडचा भाग प्राण्याच्या मस्तकासारखा ओतलेला. उन्हात तापलेल्या धातूवरून हात फिरवला तर ओतीव अक्षरांच्या कडा बोटांना लागतात.

पण परांड्याची सगळ्यात प्रसिद्ध तोफ इथे नाही. मुलुख-ए-मैदान अहमदनगरला १५४९ मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतली. वजन सुमारे ५५ टन. तालिकोटच्या लढाईत ती होती. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं. सोलापूर हुंड्यात नेणारी चांदबिबी त्याच वेढ्यात मारली गेली. त्यानंतर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशाहाला गादीवर बसवलं आणि परांडा काही वर्षं निजामशाहीची राजधानी झाला. ही तोफही परांड्यात आली. १६३२ मध्ये विजापूरकरांनी ती उचलून नेली. हे काम केलं मुरार जगदेवाने, ज्याच्या हुकमाने दोनच वर्षांपूर्वी पुण्यावर गाढवाचा नांगर फिरला होता. हत्ती आणि शेकडो बैल जुंपून ओढलेली तोफ आता विजापूरच्या शेरझा बुरजावर आहे. १६३४ मध्ये शहाजहानचा मुलगा शुजा आणि महाबतखान परांडा घ्यायला आले आणि हात हलवत परतले. त्या वेढ्याच्या वेळी विजापूरच्या बाजूने शहाजीराजेही मैदानात होते. पुढे १६६० मध्ये किल्ला मोगलांकडे गेला.

या किल्ल्यांची देखभाल ही वाटेवरची दुखरी बाजू आहे. नळदुर्ग काही वर्षांपूर्वी राज्य सरकारच्या संगोपन योजनेत खासगी सहभागाने देखभालीला दिला गेला. झाडी निघाली, वाटा झाल्या, आणि पावसाळ्यात तिथे माणसांची रीघ लागू लागली. परांड्याला असं भाग्य लाभायचं आहे. तिथलं पहिलं काम खंदकाचं असावं. झुडपं काढून तो मोकळा केला, त्यात पावसाचं पाणी साठू दिलं, तर किल्ला का आणि कसा टिकला हे शाळकरी पोरालाही नुसतं पाहून कळेल. दुसरं काम तोफांचं. प्रत्येक तोफेशेजारी तिच्यावरचा लेख मराठीत वाचता यावा, ती कुणी ओतली आणि कुठून आली हे लिहिलेलं असावं. तिसरं, सोलापूर, नळदुर्ग आणि परांडा या तिन्ही ठिकाणांची माहिती एकत्र मिळेल अशी मराठी पुस्तिका. कारण चांदबिबीचं लग्न, तालिकोटची लढाई, तोफेचा प्रवास आणि बोरीवरचा पूल या सगळ्या गोष्टी तिन्ही कोटांत वाटल्या गेल्या आहेत, आणि एकच किल्ला पाहून परतणाऱ्याच्या हाती त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा लागतो.